फ्लूची साथ आली, हे ठरवतं कोण?

फ्लू झालेले बरेच जण डॉक्टरकडे जातच नाहीत. तीन-चार दिवस दुखणं अंगावर काढतात आणि कामाला लागतात. जे जातात, त्यांतल्याही थोड्यांचीच प्रयोगशाळेत तपासणी होते. मग यंदा साथ कधी सुरू झाली, कितपत जोरात आहे, हे कळतं कसं?

अनेक देशांत यासाठी फॅमिली डॉक्टरांचं जाळं आहे. ब्रिटनमधलं जाळं १९६७ पासून दर आठवड्याला आकडे गोळा करतं, नेदरलँड्सचं १९७० पासून, फ्रान्सचं १९८४ पासून. देशातल्या मोजक्याच दवाखान्यांचा यात सहभाग असतो आणि तेवढ्यावर भागतं. खरा फ्लू किती जणांना झाला हा आकडा या जाळ्यातून थेट मिळत नाही. पण तेच दवाखाने तीच गोष्ट त्याच पद्धतीने वर्षानुवर्षं मोजत राहिले, की नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं तर ते लगेच नजरेत भरतं.

मोजायचं काय, हेही ठरलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या अगदी आटोपशीर आहे: ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, सोबत खोकला, आणि दुखणं गेल्या १० दिवसांत सुरू झालेलं. या व्याख्येत फ्लू नसलेले रुग्णही बसतात, कारण ताप-खोकला आणणारे विषाणू कितीतरी आहेत. म्हणून काही रुग्णांच्या नाका-घशातून स्वॅब घेतात. तो स्वॅब द्रव भरलेल्या नळीत घालून, थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. आरटी-पीसीआर तपासणीत फ्लू आहे की नाही हे समजतं, आणि असला तर तो ए प्रकारचा की बी, आणि ए असेल तर त्याचा उपप्रकार एच१एन१ की एच३एन२, हेही.

ही सगळी खटपट कशाला, इंटरनेट आहेच की, असंही एकदा वाटून गेलं. २००८ मध्ये गूगलने लोकांच्या शोधांवरून फ्लूचा अंदाज द्यायला सुरुवात केली. २०१२-१३च्या हंगामात हा अंदाज अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या आकड्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. बातम्या वाचून धास्तावलेली ठणठणीत माणसंही फ्लूबद्दल शोधतात, हे त्यामागचं एक संभाव्य कारण सांगितलं जातं. २०१५ मध्ये ती सेवा बंद झाली. अंदाज चुकला हे कळलं, तेही दवाखान्यांचे आकडे हाताशी होते म्हणूनच.

मला मात्र या जाळ्याचा सर्वांत देखणा उपयोग वाटतो तो लशीची परीक्षा घेण्याचा. नुसते लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना केली, तर फसायला होतं; लस घेणारी माणसं बहुधा डॉक्टरकडेही लवकर जातात. त्यावर तोड अशी: ताप-खोकला घेऊन दवाखान्यात आलेल्यांचेच दोन गट करायचे, तपासणीत फ्लू निघालेले आणि न निघालेले. दोन्ही गट डॉक्टरकडे जाणाऱ्यांचेच, त्यामुळे तो फरक बराचसा निघून जातो. फ्लू निघालेल्यांमध्ये लस घेतलेल्यांचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा बरंच कमी असेल, तर लस काम करते आहे. वय, जुने आजार, हंगामातला आठवडा यांचा हिशेब नंतर करावा लागतोच.

उत्तर गोलार्धाच्या पुढच्या हंगामाची लस कशी असावी, याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत करते. तेव्हा चालू हंगाम संपलेलाही नसतो, म्हणून हे आकडे अर्धवट असतानाच त्या बैठकीत मांडले जातात.