किरकोळ सौंदर्यशस्त्रक्रियांच्या जागेचे नियमन (ग्रामीण विदर्भ)

रुग्णाला रात्रभर न ठेवता, बहुधा तेवढाच भाग बधिर करून केलेल्या सौंदर्यशस्त्रक्रिया कुठे कराव्यात, याविषयीचे नियम आणि त्यांची स्थिती. विदर्भातील तालुक्याच्या गावी यांत जड दागिन्यांनी ओघळलेली कानाची पाळी शिवणे, मस व चामखीळ जाळणे, कोडावर त्वचारोपण, सैन्य किंवा पोलीस भरतीपूर्वी हातावरचे गोंदण काढणे आणि अलीकडे केशरोपण येते. चरबी शोषून काढणेही जाहिरातीत ‘किरकोळ’ म्हणवले जाते. ते तसे नाही. सोनाराने ओसरीवर कान टोचणे मात्र आजवर कुणी शस्त्रक्रिया मानलेले नाही.

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमानुसार होते. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. १९४९ च्या कायद्यातील शुश्रूषागृह म्हणजे आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करण्याची जागा. फाटलेली पाळी एक वेळ जखमेत बसवता येईल. टक्कल हा आजार नव्हे, जखमही नव्हे. त्यात खोलीत खाटच नसेल, तर केशरोपणाची ती खोली व्याख्येच्या काठावर राहते. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावायला सांगितले, तेही नोंदणीकृत शुश्रूषागृहांना. ब्युटी पार्लर दुकानांच्या कायद्याखाली मोडते, आणि मस जाळण्याचे यंत्र तिथेही असू शकते.

जागेपेक्षा माणसावरचे नियम स्पष्ट आहेत. नोंदणीविना वैद्यकी करणे १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाने गुन्हा ठरवले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया व केशरोपणाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे पुरेसे नाही, असे त्यांत बजावले आहे.

जागेचा प्रश्न खरा उभा राहतो तो बधिर करण्याच्या औषधामुळे. ॲड्रेनालिन मिसळलेल्या लिग्नोकेनची (हेच ते बधिर करणारे नेहमीचे औषध) रूढ कमाल मात्रा वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्के द्रावणाचे जेमतेम २१ मिलिलिटर. पाळी शिवायला दोन-तीन मिलिलिटर पुरतात; सबंध टाळू बधिर करताना मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. मात्रा वाढली की ओठांना मुंग्या येतात, कानात आवाज घुमतो, पुढे झटके येतात, हृदयही थांबू शकते. अशा वेळी प्राणवायू, झटके थांबवणारी औषधे, लिपिड इमल्शन (अशा विषबाधेवर शिरेतून देण्याचे स्निग्ध द्रावण) आणि ते वापरता येणारा माणूस तिथेच लागतो. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. शिवाय पूर्व विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच. त्यामुळे सुईआधी सिकलसेल तपासणीचा अहवाल पाहणे शहाणपणाचे, पण शिबिराच्या घाईत नेमके तेच राहून जाते. शहरातून ठरावीक वारी येणारे तज्ज्ञ संध्याकाळच्या गाडीने परततात. रात्री टाके उसवले तर दार कुणाचे ठोठवायचे, हे कोणत्याही नोंदणीपत्रावर लिहिलेले नसते.

खाटांची अट न घालता अशा खोल्यांपर्यंत पोचणारा नियम म्हणजे २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम. सुया, पाती, रक्ताळलेला कापूस वेगळा करून सामाईक प्रक्रिया केंद्राकडे द्यावा लागतो. ७५ किलोमीटरच्या आत असे केंद्र असेल तर स्वतःची भट्टी उभारता येत नाही.