पोराला अंगावर पाजू देतात ना?

मे २०२१ मध्ये गोव्यातल्या डिचोलीत आमच्या शेजारच्या घरी बाळाची सटी मोबाइलवर झाली. बाळंतीण कोरोना पॉझिटिव्ह, ती आणि बाळ इस्पितळातच. आजीने पाटापाशी समई लावली, मीठ-मोहऱ्या घेऊन पडद्यावरच्या नातवाची दृष्ट काढली आणि सुनेला एवढेच विचारले, "पोराला अंगावर पाजू देतात ना?" देत होते, तोंडाला मास्क बांधून.

वर्षभर आधी विचारले असते, तर उत्तर कुठल्या देशात विचारता यावर ठरले असते. फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानमधल्या एका बाधित आईच्या बाळाची चाचणी जन्मानंतर ३० तासांत पॉझिटिव्ह आली आणि सगळीकडे धास्ती बसली. चीनमध्ये अशा आयांची बाळे १४ दिवस वेगळी ठेवत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही आधी ताटातूटच सुचवली. जागतिक आरोग्य संघटना मात्र आईपासून बाळ तोडू नका, हात धुऊन, मास्क लावून पाजा, असे सांगत होती. पुढे न्यूयॉर्कमध्ये ११६ बाधित आयांची १२० बाळे तपासली. बहुतेक बाळे आईच्याच खोलीत होती, अंगावर पीत होती. पहिल्या २४ तासांत एकही पॉझिटिव्ह निघाले नाही. जुलै २०२० मध्ये अमेरिकन संघटनेने सल्ला बदलला.

खरे तर आईच्या दुधातून बाळाला संरक्षण मिळते, हे मर्म १८९२ पासून माहीत होते. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी एरंड आणि गुंजेच्या बियांतले विष थोडे थोडे देऊन उंदरांच्या माद्या सरावल्या, मग पिल्लांची अदलाबदल केली. सरावलेल्या मादीचे दूध प्यायलेली परकी पिल्लेही त्या विषाला पुरून उरली. आईची 'आयजीजी' प्रतिपिंडे, म्हणजे रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिने, वारेतून बाळात उतरतात, तीही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शिदोरी तोकडी असते आणि त्याला धोकाही जास्त. चिकात, म्हणजे बाळंतिणीच्या पहिल्या दुधात, भरपूर असलेली 'आयजीए' प्रतिपिंडे घशाच्या, आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात. बाळाची स्वतःची जन्मजात प्रतिकारशक्ती चटकन जागी होते, पण रोगाची ओळख ठेवणाऱ्या पेशी अजून कोऱ्या असतात. उसनी प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात.

आईचे संरक्षण बाळापर्यंत पोचते, इतके कळत असताना गर्भवतींना कोरोनाची लस द्यायला केंद्राची परवानगी आली २ जुलै २०२१ ला. मला तो उशीर आजही सलतो. शेजारचे बाळ तोवर आईकडे बघून हसू लागले होते.