एटीव्ही घेताय? आधी खाली वाकून बघा

काशीद, नागाव, गणपतीपुळे, तारकर्ली. या किनाऱ्यांवर फुगीर टायरच्या, दुचाकीसारखं हँडल असलेल्या चारचाकी गाड्या, म्हणजेच एटीव्ही, पर्यटकांना घेऊन फिरताना आपण बघतोच. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उंच माळावर, कलमं असलेल्या बागायतदारालाही या गाडीचा मोह पडतो, कारण जिथं जीप जात नाही आणि मोटरसायकलवर आंब्याचे क्रेट लादता येत नाहीत, तिथं ही जाते. विक्रेता मात्र बोलतो ते सीसी आणि हॉर्सपॉवरबद्दल. कोकणात एटीव्ही गॅरेजला लागते ती इंजिनात जोर कमी म्हणून क्वचितच. मीठ, वाळू किंवा पाणी नको तिथं शिरलं म्हणूनच बहुतेक वेळा. त्यामुळे मी गाडी बघताना दोनच गोष्टी बघेन. बाहेरचं आत शिरायला वाटा किती आहेत, आणि दुरुस्तीसाठी आपला हात आत जायला जागा किती आहे.

मिठापासून सुरुवात करू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. गाडीवर उडालेलं पाणी वाळतं, क्षार चिकटून राहतात. आपल्याला वाटतं गाडी सुकली. पण साधं मीठसुद्धा हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. किनाऱ्यावरची दमट हवा लक्षात घेतली तर शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या सांध्यासांध्यांत खारट ओलीचा पातळ थर कायम असतो, असं धरून चालायला हरकत नाही.

हा थर वीज वाहून नेतो, आणि त्यातले क्लोराइड आयन धातूवरचं ऑक्साइडचं संरक्षक कवच फोडतात. ॲल्युमिनियमच्या इंजिन केसमध्ये स्टेनलेसचा बोल्ट असेल तर तिथं एक छोटी बॅटरीच तयार होते आणि तीत झिजतं ते ॲल्युमिनियम. बोल्टच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसली तर आतले आटे जाम होत आले आहेत असं समजा. असा बोल्ट जोर लावला की तुटतो आणि दहा मिनिटांचं काम वेल्डिंगवाल्याकडे जातं. जुनी गाडी घेताना ओडोमीटरपेक्षा ही भुकटी जास्त खरं बोलते. फ्रेमच्या नळ्यांना खालून पाणी निथळायला भोकं आहेत का, हेही हाताने चाचपून बघा. पावडर कोटिंग दिसायला झकास, पण दगड लागून एकदा टवका उडाला की गंज त्याच्या आडोशाने पसरत जातो.

धुण्याचं म्हणाल, तर गोड्या पाण्याने धुवा हे सगळेच सांगतात. पण किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्याने गाडी धुतली तर मीठ काढतो कमी आणि चढवतो जास्त. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंपही नकोच. तो ऑइल सीलच्या, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्याच्या, ओठातून पाणी आत ढकलतो. साधा पाइप आणि सावकाश पाणी बरं.

आता सगळ्यात महत्त्वाची वाट, जिच्याबद्दल विक्रेते सहसा अवाक्षर काढत नाहीत. शाफ्टवर, म्हणजे साखळीऐवजी फिरत्या दांड्यावर, चालणाऱ्या एटीव्हीत मागच्या चाकांमधल्या बंद पेटीत तेलात बुडालेले गिअर असतात. अर्धा तास चढण चढून ही पेटी समजा ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, आणि गाडी वहाळाच्या ३० अंशांच्या पाण्यात उतरली. आतली हवा एकदम थंड होते. पेटी खरंच हवाबंद असती तर आतला दाब सुमारे एक षष्ठांशाने घटला असता. हा दाब कुठून तरी भरून निघणारच, आणि बाहेर तर पाणी उभं. ते सीलमधून आत ओढलं जातं. म्हणून पेटीला ब्रीदर नावाची बारीक नळी जोडतात, हवा आतबाहेर करायला. ही नळी पेटीवरच आखूड संपत असेल तर तीच पाणी पिते. हँडलपर्यंत किंवा सीटखाली उंच नेलेली असेल तर हवाच येते. गाडी घेताना ही नळी बोटाने मागोवा घेत शोधा. आखूड असेल तर लांब रबरी नळी जोडणं किरकोळ काम आहे. पुढे दर काही दिवसांनी पेटीतलं तेल थोडं काढून बघायचं. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय.

मग साखळी बरी की शाफ्ट? साखळी स्वस्त, कुठल्याही दुचाकीच्या दुकानात मिळणारी, आणि नजरेसमोर झिजणारी. पण वाळूत ती लवकर खलास होते. वाळूतल्या क्वार्ट्‌झचा कठीणपणा मोहस मापावर ७, म्हणजे नरम पोलादापेक्षा बराच जास्त. साखळीवरच्या तेलात वाळू मिसळली की पॉलिशची पेस्टच तयार होते. किनाऱ्यावर रोज फिरवायची असेल तर मी शाफ्टच घेईन. सड्यावर, बागेत वापरायची असेल तर साखळी चालेल, आणि तिथं तिचा सोपेपणा खरोखर कामाला येतो.

बऱ्याच एटीव्हीत गिअरऐवजी स्कूटरसारखाच रबरी बेल्ट असतो. चालवायला सोपा, पण ओला झाला की घसरतो आणि जड ओझ्यासकट चढणीवर तापतो. बेल्टच्या घराला थंड हवा घेणारी नळी किती उंचावर आहे, आणि आत आलेलं पाणी सोडायला खाली बूच आहे का, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

चाकांच्या बेअरिंगवर एक नंबर कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ५२ आणि जाडीला १५ मिलिमीटर, जगात कुठेही. पुढे टूआरएस लिहिलं असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड असेल तर नुसती पत्र्याची झाकणं. खाऱ्या पाण्याला रबरीच हवी. अशा प्रमाणित नंबरांचे सुटे भाग असलेली गाडी चिपळूण किंवा कुडाळच्या बेअरिंगच्या दुकानातून उभी राहू शकते. कंपनीचाच खास भाग लागणारी गाडी मुंबईच्या पार्सलची वाट बघत बसते. इंजिनचा स्पार्क प्लग, ऑइल फिल्टर आणि ब्रेक पॅड एखाद्या खपाऊ मोटरसायकलशी जुळतात का, हे विकत घेण्याआधीच मेस्त्रीला विचारा. एअर फिल्टर फोमचा, तेल लावून वापरायचा आणि हत्यारांशिवाय निघणारा असावा. हत्यारं लागली की माणूस आळस करतो, आणि तेवढ्यात बारीक वाळू सिलिंडरपर्यंत पोचते.

कार्ब्युरेटर की फ्युएल इंजेक्शन, यावर मेस्त्रींमध्ये वाद रंगतात. कार्ब्युरेटर गावातही उघडता येतो. पण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि गाडी पावसाळाभर उभी राहिली की फ्लोट बाउलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, गाळ आणि गंज धरतो. उपाय एका स्क्रूचा आहे: गाडी ठेवून देताना बाउल रिकामा करायचा. इंजेक्शनला हे लागत नाही, पण त्याचे सेन्सर आणि वायरिंगचे कनेक्टर खाऱ्या हवेत हिरवे पडतात. कनेक्टर सीलबंद असतील आणि आयपी ६७ हा धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा सांगत असतील, तरी ती चाचणी गोड्या पाण्यात एक मीटरवर अर्ध्या तासाची असते, हे ध्यानात ठेवा.

टायरची गोष्ट निराळीच. मोटारीच्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास हवा असते, एटीव्हीच्या टायरमध्ये बहुधा ३ ते ७. जमिनीवरचा दाब जवळपास तेवढाच पडतो, म्हणून गाडी वाळूत रुतत नाही. पण पेट्रोल पंपावरच्या मीटरला ४ आणि ६ यांतला फरक नीट दाखवता येत नाही. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या आणि पायाने मारायचा पंप जवळ ठेवा. दाब कमी असला तरी वेळास किंवा आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यावर ही गाडी नेऊ नये. ऑलिव्ह रिडलेची अंडी वाळूत दीडेक फुटावरच असतात.

आणि मागचा एक्सल एकसंध असेल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट, तर गाडी डांबरी रस्त्यावर वळवताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं आणि ते जमत नाही. वाळूत चाक सहज घसरतं, डांबरावर टायर खरवडतो आणि ताण एक्सलच्या बेअरिंगवर येतो. रस्त्यासाठी तिची नोंदणीही सहसा होत नाही. घरापासून बागेपर्यंत मध्ये दोन किलोमीटर डांबर लागत असेल तर तिला टेम्पोत घालून न्यावं लागेल. तो खर्च आणि ती यातायात आधीच हिशेबात धरा.