स्टार्टअपमध्ये पैसे घालताय? टॅक्स कुठे वाचतो आणि कुठे नाही

मोंढ्यातले व्यापारी, भूसंपादनाचा मोबदला हाती आलेले शेतकरी, नोकरदार. आमचे बरेच ग्राहक हल्ली एकच प्रश्न घेऊन येतात. "भाच्यानं संभाजीनगरात कंपनी काढली आहे, पाच लाख घातले तर टॅक्स किती वाचेल?"

पैसे घालताना काहीच वाचत नाही. एलआयसी किंवा पीपीएफला जुन्या कर पद्धतीत मिळते तशी वजावट स्टार्टअपच्या शेअरला नाही. ब्रिटनमध्ये ईआयएस योजनेत गुंतवलेल्या रकमेच्या ३० टक्के, आणि अगदी नव्या कंपन्यांच्या एसईआयएसमध्ये ५० टक्के सूट थेट आयकरातून मिळते. तिकडचे पाहुणे सांगतात ते खरंच असतं, पण ती सूट तिथल्या आयकरातली आहे.

घर विकून झालेला नफा स्टार्टअपमध्ये घातला की कर माफ, हेही कुणीतरी सांगितलं असेल. कलम ५४ जीबी तसंच होतं, पण ३१ मार्च २०२२ पर्यंतच्या विक्रीपुरतं. जुने व्हिडिओ मात्र अजून फिरतायत.

"तीन वर्षं शंभर टक्के करमाफी" ही कंपनीच्या नफ्यावरची सवलत आहे, तीही आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र मिळालं तरच. तुमच्या रिटर्नमध्ये तिचा काही उपयोग नाही. एंजल टॅक्सचंही तसंच. शेअर रास्त किमतीपेक्षा महाग विकले की वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरली जायची. २०२४ च्या अर्थसंकल्पानं ती कटकट संपवली. त्याचा दिलासा भाच्याला, तुम्हाला फार तर आडून.

तुमचा फायदा विकताना

शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकले, तर नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. त्याआधी विकले तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे. समजा पाच लाखांचे नऊ लाख झाले. तीन वर्षांनी विकले तर सेससह ५२,००० रुपये कर. दीड वर्षातच विकले आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर १,२४,८०० रुपये. सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त ही सोय इथे धरू नका. ती नोंदणीकृत शेअर आणि इक्विटी फंडांसारख्या गुंतवणुकीला आहे.

विक्रीची रक्कम राहत्या घरात घातली तर ५४ एफची सूट अटींसह मिळू शकते. त्याचं गणित प्रत्येकाचं वेगळं, ते समोर बसूनच करावं लागेल. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, इथले कलम क्रमांक जुन्या कायद्यातले आहेत.)

पैसे बुडाले तर

याबद्दल कुणी विचारत नाही, आणि आमच्या मते आधी हेच विचारायला हवं. दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, उदाहरणार्थ जुना प्लॉट विकून झालेल्या नफ्यातून. अडतीच्या किंवा पगाराच्या उत्पन्नातून नाही. उरलेला तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो, पण त्या वर्षीचं रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. आणि कंपनीला कुलूप लागलं म्हणजे तोटा झाला असं आयकर खातं मानत नाही. शेअर विकले गेले पाहिजेत किंवा कंपनी रीतसर गुंडाळली गेली पाहिजे.

कागद

घरातलाच माणूस आहे म्हणून हातउसने दिल्यासारखी रोख रक्कम देऊ नका. प्रायव्हेट कंपनी अशी बाहेरच्यांकडून भांडवल घेते तेव्हा शेअरचे पैसे रोखीत घेता येत नाहीत. तुमच्याच खात्यातून चेक किंवा आरटीजीएस करा. पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत रक्कम परत. तीही चुकली तर साठाव्या दिवसापासून १२ टक्के व्याज द्यावं लागतं, आणि भाच्यालाही हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सही करण्याआधी कंपनीचं ऑफर लेटर आणि तुमची मागच्या दोन वर्षांची रिटर्नं घेऊन ऑफिसला या. पैसे भरून झाल्यावर आलात, तर आम्हाला फक्त हिशोब लिहिता येतो.