शेळी म्हणजे लहान गाय नव्हे

शेळी चरताना जरा वेळ उभं राहून बघा. पायाखाली हिरवंगार गवत असलं तरी ती कुंपणावरच्या वेलीकडे वळते, मागच्या दोन पायांवर उभी राहते आणि लवचिक वरच्या ओठाने काट्यांमधलं नेमकं कोवळं पान खुडते. दोन घास झाले की पुढचं झुडूप. ‘शेळी काय, काहीही खाते’ म्हणणाऱ्यांनी तिच्यापुढे तुडवलेली, मातकट वैरण टाकून बघावी. बहुतेकदा ती नुसती हुंगून निघून जाते.

गाय मान खाली घालून चरते, शेळी मान वर करून पाला ओरबाडते. घराजवळ दोन-चार शेळ्या पाळायच्या तर चारा, गोठा आणि औषधपाणी बरंचसं या एका सवयीवरूनच ठरवावं लागतं.

सगळ्यात मोठा घात करतात ते जंत. ‘हिमाँकस’ हा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा कृमी शेळीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त शोषतो. त्याची मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते. ती लेंड्यांबरोबर बाहेर पडतात, उबेत आणि ओलाव्यात आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि दवाच्या ओलाव्यातून गवताच्या पात्यांवर चढतात. पण फार वर नाही. बहुतेक अळ्या जमिनीपासून पाचेक सेंटिमीटरच्या आतच असतात. झुडपांवर जगणाऱ्या प्राण्याची त्यांच्याशी गाठ क्वचितच पडे. शेळीत या जंतांविरुद्ध मेंढीइतकी प्रतिकारशक्ती आली नाही, त्याचं कारण हेच मानलं जातं. अशी शेळी खुरटं गवत उरलेल्या छोट्या कुंपणात कोंडली की पुढचं सांगायला नको.

यावर दर महिन्याला सरसकट जंतनाशक पाजणं हा उपाय वाटतो, पण त्यातून औषधाला दाद न देणारे जंतच मागे उरतात. त्यापेक्षा शेळीची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर ठीक, फिकट गुलाबी असेल तर सावध व्हा, पांढरट दिसली तर पशुवैद्याला लगेच बोलवा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचा ‘फमाचा’ तक्ता तयार झाला. हे काम उंटावरून शेळ्या हाकून होत नाही, प्रत्येकीला धरून बघावं लागतं. बाकी, पाल्याच्या पेंढ्या टांगून द्या, गव्हाण उंच ठेवा आणि गवत दहा सेंटिमीटरच्या खाली गेलं की जागा बदला.

खुराकाबाबत हात आखडताच बरा. शेळीचं कोटीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, ही अब्जावधी सूक्ष्मजीवांची आंबवणाची टाकी. त्यांना तंतुमय चाऱ्याची सवय असते. एकदम भरपूर धान्य पडलं की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू माजतात, पोट आम्लधर्मी होतं, रवंथ थांबतो आणि धडधाकट शेळी एक-दोन दिवसांत दगावू शकते. कोणताही नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावा. कण्हेर मात्र आवारातून मुळासकट काढा. तिची थोडी पानंही जिवावर बेततात.

थंडी शेळीला सोसते, ओल सोसत नाही. गोठ्याची परीक्षा उभ्याने घेऊ नका. गुडघ्यावर बसून तिच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर मूत्रातला अमोनिया साठतोय, आणि फुफ्फुसांच्या आजाराची वाट तिथूनच सुरू होते. प्रत्येक मोठ्या शेळीला दहा ते पंधरा चौरस फूट कोरडी जागा हवी. जमिनीपासून उचललेली फळ्यांची जमीन उत्तम.

एकटी शेळी आणू नका. ती कळपातली, एकटी पडली की ओरडून हैराण करते आणि खाणं टाकते. नव्या शेळ्या जुन्यांत सोडण्याआधी तीन-चार आठवडे वेगळ्या ठेवा. बोकडाची मात्र सुरुवातीला घाई नको. त्याचा माजातला वास एकदा घेतलात की कारण विचारणार नाही.

दूध हवं तर शेळी व्यायला हवी आणि गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच. ती चिकातूनच मिळतात. त्यातही करडाचं आतडं ती शोषून घेतं पहिल्या दिवसापुरतीच, आणि तीही तासागणिक कमी. तीन किलोच्या करडाला पहिल्या 24 तासांत सुमारे 300 मिलिलीटर चीक हवा. त्यातला पहिला घोट तासाभरात पोटात जायला हवा, वार (गर्भावरचं वेष्टण) पडायची वाट न बघता.