खाजन कुळाचं, बांध कोणाचा?

खाडीकाठचा बांध फुटला आणि भातशेतात खारं पाणी शिरलं, अशी बातमी गोव्यात वरचेवर येते. शेतकरी सरकारला जबाबदार धरतात, सरकार कूळ संघाला (शेत कसणाऱ्या कुळांच्या संस्थेला), आणि कूळ संघ मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी मिळणाऱ्या मासळीची, पावणी (लिलाव) घेतलेल्या ठेकेदाराला. बांध कोणी राखायचा, हा प्रश्न इतका बिकट का झाला हे कळण्यासाठी ती जमीन मुळात कोणाची होती, इथपासून सुरुवात करावी लागते.

खाजन म्हणजे खाडीच्या पाण्यापासून मिळवलेली जमीन. मांडवी, जुवारी आणि त्यांना मिळणाऱ्या नद्यांच्या काठी अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे. भरतीच्या वेळी नदी वर आणि शेत खाली असतं. मध्ये चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचा बांध. बांधात ठिकठिकाणी मानस असते. तिची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सरी जमिनीतलं मीठ धुऊन नेतात, मग पेरणी होते. कोरगुटसारखं उंच वाढणारं, खार सोसणारं भात इथे पिढ्यान् पिढ्या घेतलं गेलं. मानशीपाशी सुंगटं, शेवटे, काळुंद्रं, खेकडे मिळत. उकड्या तांदळाची पेज आणि सोबत मासळी, हे गरिबाच्या घरातलं रोजचं जेवण या एकाच जमिनीतून निघत असे. गोव्याच्या अन्नाबद्दल बोलताना खाजन आधी यायला हवं, असं मला वाटतं ते यासाठी.

असा बांध एका कुटुंबाने घालणं शक्य नव्हतं. एका ठिकाणी खिंडार पडलं की बांधाआडची सगळी शेतं जातात, त्यामुळे जमीनही एकेकट्याची राहिली नाही. ज्यांनी ती घडवली त्या गावकरांची मालकी सामाईक होती, आणि त्या व्यवस्थेला गावकरी म्हणत. शेतं ठराविक मुदतीसाठी पावणीत कसायला दिली जात. त्या उत्पन्नातून सरकारी देणं, देवळाचा खर्च, बांधांची डागडुजी आणि बांधावरच्या राखणदाराची मजुरी भागे. गावाची सेवा करणाऱ्यांना नमशी जमिनी मिळत. एवढं करून उरलेलं गावकरांमध्ये जोण म्हणून वाटलं जाई. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी बांध, मग वाटणी.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा बेट जिंकलं तेव्हा ही व्यवस्था जुनी झालेली होती. महसूल हवा तर ती मोडून चालणार नाही, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. महसूल अधिकारी अफोंसो मेशिया याने १६ सप्टेंबर १५२६ रोजी तिसवाडीतल्या, म्हणजे गोवा बेटाच्या परिसरातल्या, गावांचे रिवाज लेखी नोंदवले. फोराल या नावाने ओळखली जाणारी ती सनद वाचली की राजाने गावकरांना जमीन बहाल केली असं कुठे वाटत नाही. ओसाड जागा माणसांनी कसली आणि तिथे गावं वसली, असाच तिचा सूर आहे. तिसवाडीत कापणीला पहिला हात ताळगावच्या गावकरांनी लावायचा, हा मानही तिच्यात नोंदलेला आहे. ताळगावात कणसाचं फेस्त आजही ऑगस्टमध्ये होतं.

पुढची चार शतकं हा रिवाज टिकला, पण आतून बदलत गेला. सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली आणि त्यांच्या जमिनी चर्चकडे आणि धर्मसंघांकडे गेल्या. नंतर जोणच्या जागी विकता येण्याजोगे भाग आले, आणि गावात न राहणाऱ्या, बांधावर कधी पाय न ठेवलेल्या माणसालाही उत्पन्नात हिस्सा मिळू लागला. १९०४ ची कोमुनिदाद (गावकरीचं पोर्तुगीज नाव) संहिता आली, मग १९६१ ची. ही दुसरी संहिता गोवा मुक्त होण्याच्या काही महिने आधीची. दुरुस्त्यांसह ती अजून लागू आहे.

गावकरीचं गुणगान करणारे एक बाजू सांगत नाहीत. गावकर हे पुरुषवंशाने ठरत, म्हणून बायकांना जोण नव्हती. चिखलात उतरून बांध घालणारे कुणबी, गावडे आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे) यांचा मालकीत वाटा नव्हता. मुंबईत किंवा आफ्रिकेत नोकरी करणारा गावकर जोण घेई आणि शेत कसणारा पुढच्या पावणीत ते आपल्याकडे राहील की नाही, या घोरात असे. त्या माणसाला संरक्षण मिळणं न्यायाचं होतं. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ मध्ये शशिकला काकोडकर यांच्या सरकारने आणलेली ‘कसेल त्याची जमीन’ दुरुस्ती यांची गरज होती, यात मला शंका नाही. न्यायालयांत अडकूनही ती दुरुस्ती टिकली, हे बरंच झालं.

चूक झाली ती बांधाच्या बाबतीत. कायद्याने जमीन तुकड्या-तुकड्यांनी पाहिली, प्रत्येक तुकड्याचं कूळ शोधलं आणि त्याला हक्क दिला. बांध मात्र कोणाच्याच सातबाऱ्यावर बसत नव्हता. पावणीचं उत्पन्न आटल्यावर कोमुनिदादीकडे दुरुस्तीला पैसा उरला नाही, आणि तसं बंधनही वाटेनासं झालं. यावर उपाय म्हणून १९७५ च्या नियमांनी कुळांची सामाईक जबाबदारी ठरवून कूळ संघ उभे केले. मानशीतल्या मासळीची पावणी त्यांच्याकडे आली, देखरेख मामलेदाराकडे गेली.

कागदावर ही जुन्या गावकरीचीच नवी, अधिक न्याय्य आवृत्ती होती. प्रत्यक्षात मासळीचा पैसा भातापेक्षा मोठा ठरला. ठेकेदाराला आत खारं पाणी हवं असतं. दारं वेळेवर मिटली नाहीत तर त्याचा फायदा आणि भाताचं नुकसान. अनेक गावांत कुळांनी शेती सोडली, तरी संघ पावणीपुरता जिवंत राहिला. त्यात खनिज वाहून नेणाऱ्या बार्जच्या लाटांनी मांडवी-जुवारीचे बांध पोखरले. एकदा खारं पाणी साचून राहिलं की जमीन धुऊन निघायला काही पावसाळे जातात. तेवढ्यात तिथे खारफुटी उगवते, खारफुटीला कायद्याचं संरक्षण असतं, आणि शेत परत मिळवण्याची वाट आणखी अरुंद होते. खारफुटी वाचायलाच हवी. पण बांध न राखल्यामुळे उगवलेली खारफुटी पुढे करून शेतकऱ्याला त्याच्या शेतातून बाहेर ठेवणं अन्यायाचं आहे.

२०११ च्या किनारपट्टी अधिसूचनेने गोव्याच्या खाजनांची स्वतंत्र दखल घेतली, नकाशे करायला सांगितले आणि तिथे बांधकामाला मनाई केली. त्यामुळे भराव टाकणाऱ्याला अडवता येतं. पडीक खाजनात पुन्हा भात पिकवायला मात्र ती पुरी पडत नाही.

बांध पूर्णपणे सरकारने सांभाळावा, असंही काही जण सुचवतात. त्यांनी रायगडकडे पाहावं. तिथे खारभूमीसाठी १९४८ पासून कायदा आहे, १९७९ चा विकास अधिनियम आहे, स्वतंत्र सरकारी यंत्रणा आहे. तरीही अलिबाग-पेणच्या खाडीकाठी बांध फुटून शेतं खारी होतात. भोक दिसताच त्याच रात्री चिखल घेऊन धावणारा माणूस गावातच असावा लागतो. निविदा निघेपर्यंत भोकाचं खिंडार झालेलं असतं. सरकारने मोठ्या दुरुस्तीचा खर्च उचलावा. पण मासळीच्या पावणीचा पैसा आधी बांधावर खर्च व्हावा, आणि संघात मत देण्याचा हक्क प्रत्यक्ष शेत कसणाऱ्यालाच असावा, बायकांसह. एवढे दोन बदल कूळ संघांच्या नियमांत झाले, तर पडीक खाजनांतली काही शेतं नांगराखाली परत आणता येतील.