हरलेला डाव आणि वसुलीची घाई

२०१९ साली नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम या संशोधकांनी ‘प्लुरिबस’ नावाचा पोकर, म्हणजे पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ, खेळणारा प्रोग्रॅम जगासमोर आणला. टेबलावर पाच व्यावसायिक खेळाडू आणि सहावा हा. बारा दिवसांत १०,००० डाव झाले आणि प्लुरिबस जिंकला. पण निकाल मांडताना संशोधकांनी नुसत्या जिंकलेल्या चिप्स मोजल्या नाहीत. पत्त्यांच्या नशिबाचा वाटा शक्य तितका वजा करणारी संख्याशास्त्रीय पद्धत त्यांनी वापरली. एवढ्या डावांतही नशीब कौशल्याला सहज झाकून टाकतं, हे त्यांना ठाऊक होतं.

ज्या यंत्राला राग येत नाही, पेंग येत नाही, घरभाड्याची चिंता नाही, त्याच्याबाबतीत एवढी सावधगिरी. आणि मोबाइलवर एखाद्या पोकर साइटवर सलग दोन तास हरलेला माणूस मात्र छातीठोकपणे सांगतो, ‘साइट सेट आहे’, म्हणजे पत्ते मुद्दाम माझ्याविरुद्ध लावलेत.

आकडे मांडून बघू. पोकरमधला हिशेब रुपयांत किंवा डॉलरमध्ये न करता ‘बिग ब्लाइंड’मध्ये करतात. पत्ते वाटण्याआधीच एका खेळाडूला सक्तीने लावावी लागणारी ठरावीक रक्कम म्हणजे बिग ब्लाइंड. ‘नो-लिमिट होल्डेम’ या पोकरच्या प्रकारात (प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच, आणि पैसे लावायला वरची मर्यादा नाही) एखादा चांगला खेळाडू १०० डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड कमावतो असं धरू, प्लुरिबसची सरासरीही जवळपास एवढीच होती. त्याच १०० डावांत निव्वळ पत्त्यांमुळे होणारी वरखाली, म्हणजे संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन, ९० च्या आसपास असतं. कमाई ५, हेलकावा ९०! डाव वाढतील तशी कमाई सरळ पटीत वाढते, हेलकावा मात्र वर्गमुळाच्या पटीत. १०,००० डावांत कमाई ५०० आणि हेलकावा ९००. याचा अर्थ, चांगलं खेळूनही १०,००० डावांअखेर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के. १ लाख डाव झाले की ती ४ टक्क्यांवर येते.

कसिनोतल्या खऱ्या टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात. दर शनिवारी पाच तास बसणाऱ्याला १०,००० डाव पुरे करायला सव्वा वर्षाहून जास्त लागेल. ऑनलाइन खेळणारा एका वेळी चार टेबलं उघडून बसला, तर तासाला अडीचशेच्या घरात डाव होतात आणि तोच पल्ला चाळीस तासांत संपतो. नशीब तेच, गणित तेच, पण सव्वा वर्षात विखुरले गेले असते असे सगळे फटके एका आठवड्यात अंगावर येतात. आपल्या मेंदूला दुर्दैवाची इतकी दाट मात्रा पचवायची सवय नाही. माझ्या मते ऑनलाइन पोकरमधल्या रागाचं मूळ इथेच जास्त आहे. खेळाडूच्या तापट स्वभावाला त्याचा फार दोष देऊ नये.

हातात दोन एक्के येणं म्हणजे २२१ डावांतून एकदा येणारी पर्वणी. समोरच्याकडे दोन बादशाह असतील आणि दोघांनीही सगळे पैसे लावले, तर एक्केवाला शंभरातून साधारण ८२ वेळा जिंकतो. उरलेल्या १८ वेळा हरतो. लुडोत हवं तेव्हा सहा पडायची जेवढी शक्यता, त्याहून ही किंचित जास्तच. लुडोत प्रतिस्पर्ध्याला सहा पडला म्हणून कुणी फासा बनवणाऱ्या कंपनीला शिव्या देत नाही. पण इथे शेवटचं पान उलटतं, बादशाह येतो आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

या अवस्थेला खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात. हेलसिंकीतल्या युस्सी पालोमाकी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळाडूंनी स्वतःच लिहिलेले मोठ्या पराभवांचे अनुभव तपासले. त्यात पैशांच्या दुःखाहून ठळक दिसली ती अन्यायाची चीड. आधी विश्वासच बसत नाही, सगळं अवास्तव वाटतं. मग ‘हे बरोबर नाही’ असा नैतिक संताप. मग तो ‘अन्याय’ दूर करण्यासाठी गेलेल्या पैशांच्या मागे धावणं. पत्त्यांनी आपल्याला काही देणं असल्यासारखी वसुली सुरू होते. त्यानंतर पश्चात्ताप, आणि बऱ्याचदा झोपेचं खोबरं.

हे फक्त नवख्यांचं होतं असं समजू नका. गॅरी स्मिथ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ऑनलाइन पोकरच्या मोठ्या रकमांच्या टेबलांवरच्या नोंदी तपासल्या. (साइटचं नाव ‘फुल टिल्ट पोकर’. असल्या अभ्यासाला याहून समर्पक नाव शोधूनही सापडलं नसतं.) हजार डॉलर किंवा त्याहून मोठा फटका बसल्यावर या मुरलेल्या खेळाडूंचाही खेळ बदलत होता. एरवी टाकून दिली असती अशी पानं ते खेळू लागत, सावधपणा सुटत असे.

असं का व्हावं? रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये एक धागा दाखवला. तोट्यात असलेल्या माणसाला ‘पुन्हा शून्यावर’ नेऊ शकणारी पैज विलक्षण खुणावते, मग ती एरवी कितीही वाईट असो. दुसरा धागा रागाचा. जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर यांच्या २००१ च्या संशोधनानुसार भ्यायलेला माणूस धोका फुगवून बघतो, चिडलेला माणूस आशावादी होतो. राग आंधळा असतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो भलताच खात्रीने बोलतो: ‘पुढचा डाव आपलाच.’ हे दोन धागे एकत्र आले की माणूस दुप्पट रकमेच्या टेबलावर जाऊन बसतो.

मग करायचं काय? उशीवर गुद्दे मारून, शिव्या घालून राग ‘बाहेर काढावा’ हा लोकप्रिय सल्ला आधी बाजूला ठेवावा लागेल. २०२४ मध्ये सोफी शेर्विक आणि ब्रॅड बुशमन यांनी १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं यांनी राग उतरतो. शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी एकूणात उतरत नाही, आणि धावण्याने तर तो वाढलेला दिसला. तेव्हा टेबल बंद करून पाच मिनिटं आडवं होणं हे जिमला पळण्यापेक्षा बरं.

अडचण अशी की राग चढल्यावर टेबल बंद करायचं सुचत नाही. म्हणून नियम आधीच, डोकं थंड असताना करावा लागतो, आणि तोही ‘जास्त हरलो तर थांबेन’ असा पोकळ नको. ‘तीन वेळा टेबलावर आणलेले पैसे संपले, तर लॅपटॉप बंद करून घराबाहेर पडेन’ असा हवा. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा ‘अमुक झालं तर तमुक करेन’ पद्धतीच्या बेतांवर बरंच काम केलं आहे. नुसत्या निश्चयापेक्षा ते जास्त पाळले जातात. गणिती डोक्याचे खेळाडू यावर हरकत घेतात की पत्त्यांना मागच्या डावाची आठवण नसते, मग तीन हरलो म्हणून उठायचं कशाला? हरकत बिनतोड आहे, प्लुरिबसपुरती. माणसाच्या बाबतीत पत्ते बदलत नसले तरी खेळणारा बदललेला असतो.

दुसऱ्या दिवशी त्याच डावांच्या नोंदी उघडून बघाव्यात. ट्रॅकर सॉफ्टवेअरमध्ये आलेखावर दोन रेषा दिसतात: खरी मिळकत, आणि सगळे पैसे लागले त्या क्षणीच्या शक्यतांनुसार अपेक्षित मिळकत. दुसरी वर आणि पहिली खाली असेल तर थोडा दिलासा मिळतो, पण थोडाच. आपण एक्के घेऊन उगाच अडकलो का, समोरच्याचा आव ओळखायला चुकलो का, हे ती रेषा सांगत नाही.

वर मांडलेलं सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे: खेळाडू चांगला आहे. पण प्रत्येक मोठ्या डावातून साइट आपला वाटा, ‘रेक’, कापून घेते. त्यामुळे सगळ्या खेळाडूंची एकत्रित बेरीज कायम उणेच असते आणि दीर्घ मुदतीत बहुतेकांना हरावंच लागतं. १०,००० डावांनंतर कमनशिबी आणि कच्चा हे दोन खेळाडू आकड्यांवरून धड वेगळे करता येत नाहीत. ‘माझं नशीब फक्त वाईट चाललंय’ हे वाक्य दोघांनाही सारखंच शोभतं, म्हणूनच ते धोकादायक आहे.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी आणली. तरी पणजीला मांडवीतल्या कसिनोंमध्ये पोकरची टेबलं आहेत, आणि परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या हाताशी साइट आहेतच. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम-५’ या नियमावलीत जुगाराच्या विकाराचे नऊ निकष आहेत; वर्षभरात त्यांपैकी चार लागू झाले तर निदान होतं. गेलेले पैसे परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला जाणं हा त्यांतला एक, किती खेळतो ते घरच्यांपासून लपवणं हा दुसरा. उधारीवर खेळ सुरू झाला असेल, तर आलेख बघत बसू नये. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.